वाचक विचारतात : पाकिस्तान असा कसा झाला?

शेजारच्या देशाविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातल्या निवडक पत्रांना इथं उत्तर देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी अंबाजोगाईत राहते आणि निवृत्त होईपर्यंत राज्यशास्त्र शिकवत होते. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकले. त्यांनी मला लहानपणीच ती लिपी शिकवली, त्यामुळे कराची-लाहोरची वर्तमानपत्रं मी आजही उर्दूतूनच वाचते. त्या देशाच्या राज्यकर्त्यांचा मला राग येतो आणि तिथल्या साध्या माणसांसाठी जीव तुटतो. दोन्ही गोष्टी उत्तरांत उतरतील.

प्रश्न : बाई, सरळ विचारतो. पाकिस्तानात रोज बाँब, फिदायीन, मशिदीत गोळीबार. आमच्या पारावर सगळ्यांचं एकच मत, की मूळ त्यांच्या धर्मातच आहे. तुम्ही काय म्हणता? (निवृत्त तलाठी, माजलगाव)

तलाठीसाहेब, खुलताबादला जे कुराण वाचतात तेच ढाक्यात आणि जाकार्तात वाचतात. मूळ ग्रंथात असतं तर सगळीकडे सारखंच घडलं असतं. दहशतवादी धर्मवचनांचा आधार घेतात, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण कुठलं वचन कधी उचलायचं, ते कुणी उचलायचं आणि त्याच्या हातात बंदूक कुणी द्यायची, हे राजकारणात ठरतं. म्हणून आपण तारखा पाहू.

११ ऑगस्ट १९४७. जीना कराचीत संविधान सभेपुढे म्हणाले की तुम्ही देवळात जायला मोकळे आहात, मशिदीत जायला मोकळे आहात, तुमचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराचा संबंध नाही. त्यांचे पहिले कायदामंत्री होते बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९४६ मध्ये बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणायला धडपडले, तेच हे मंडल. सप्टेंबर १९४८ मध्ये जीना वारले. मार्च १९४९ मध्ये पंतप्रधान लियाकत अली खानांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सार्वभौमत्व अल्लाचं आणि त्याने ते जनतेमार्फत राज्याकडे सोपवलेलं, असा त्याचा गाभा. पूर्व बंगालच्या हिंदू सभासदांनी कडाडून विरोध केला. त्यांच्यात भूपेंद्रकुमार दत्त होते, इंग्रजांविरुद्ध लढलेले जुने क्रांतिकारक. त्यांनी सभागृहाला बजावलं की उद्या कुणीतरी सत्ता बळकावेल आणि याच ठरावावर बोट ठेवून सांगेल, मला देवानेच राज्यावर बसवलंय. कुणी ऐकलं नाही. मंडलही १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात निघून आले.

लियाकत अलींना हा ठराव का लागला? ते आणि मुस्लिम लीगचे कितीतरी पुढारी उत्तर प्रदेश, मुंबई इकडून गेलेले. नव्या देशात त्यांना स्वतःचा मतदारसंघ नव्हता. देशाचे दोन तुकडे, मध्ये हजारापेक्षा जास्त मैल भारत. बंगाल्यांची संख्या जास्त, पण सैन्य आणि कचेऱ्या पंजाब्यांच्या हातात. राज्यघटना व्हायला १९५६ उजाडलं, आणि प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती थेट डिसेंबर १९७० मध्ये. म्हणजे तेवीस वर्षं राज्य करणाऱ्यांना जनतेने निवडूनच दिलेलं नव्हतं. आपल्याकडं पेरणीला हातात पैसा नसला की माणूस सावकाराच्या दारात जातो आणि मग व्याज फिटता फिटत नाही. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांजवळ मतं नव्हती, म्हणून ते धर्माच्या ठेकेदारांच्या दारात गेले. माझ्या मते मूळ इथं आहे.

१९५३ मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगल पेटली. अहमदिया हा स्वतःला मुसलमान मानणारा एक पंथ. मागणी अशी की त्यांना बिगरमुस्लिम ठरवा आणि परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान अहमदिया आहेत, त्यांना काढा. लाहोरात लष्करी कायदा लावावा लागला. चौकशीला न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी बसले. त्यांनी एकेका मोठ्या उलेमाला, म्हणजे धर्मपंडिताला, विचारलं, मुसलमान कुणाला म्हणायचं ते सांगा. कुणाही दोन उलेमांची व्याख्या जुळली नाही. १९५४ च्या अहवालात न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं की एकाची व्याख्या धरली तर बाकी सगळ्यांच्या लेखी आपण काफिर ठरतो. इतका स्पष्ट इशारा फार थोड्या देशांना इतक्या लवकर मिळाला असेल.

पुढे २१ वर्षांनी तीच मागणी कुणी मान्य केली? रोटी, कपडा, मकान म्हणत निवडून आलेल्या झुल्फिकार अली भुट्टोंनी. सप्टेंबर १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदिया बिगरमुस्लिम ठरले. कोण मुसलमान आणि कोण नाही हे संसद ठरवू लागली, त्या दिवशी दार उघडलं. आज अहमदिया, उद्या शिया, परवा दर्ग्यावर जाणारे. १९७७ मध्ये खुर्ची डळमळली तेव्हा भुट्टोंनी दारू-जुगार बंद केला, शुक्रवारची सुट्टी दिली. खुर्ची वाचली नाही. ५ जुलै १९७७ ला त्यांनीच नेमलेल्या सेनापती झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली आणि एप्रिल १९७९ मध्ये भुट्टोंना फासावर चढवलं.

झियांनी नव्वद दिवसांत निवडणुका घेऊ म्हणून सांगितलं आणि मग इस्लामीकरणाचं काम पूर्ण करायचंय म्हणत अकरा वर्षं राज्य केलं. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं. प्रश्न असा विचारला की देशाचे कायदे कुराण आणि सुन्नेला (म्हणजे पैगंबरांच्या वागण्याच्या परंपरेला) धरून करण्याच्या प्रक्रियेला तुमचा पाठिंबा आहे का? ‘हो’ म्हटलं की झिया पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष. मुसलमान माणूस ‘नाही’ म्हणणार कसा? १९८५ मध्ये १९४९ चा तो ठराव त्यांनी राज्यघटनेच्या कलमांतच घातला. दत्तांनी सांगितलेला माणूस खुर्चीवर बसलेला होता.

प्रश्न : मौलाना मौदूदी आपल्या औरंगाबादचे होते असं ऐकलं. खरं आहे का? आणि त्यांचा पाकिस्तानला विरोध होता, तर मग तेच तिथल्या कट्टरतेचे जनक कसे? (बी.ए. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

बेटा, खरं आहे. सय्यद अबुल आला मौदूदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ चा, औरंगाबादचा. वडील वकील. सुरुवातीचं शिक्षणही औरंगाबादेतच झालं. ज्या शहरात सिराज औरंगाबादीसारखा सूफी शायर झाला आणि ज्याच्या शेजारी खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात, त्याच मातीत हे झाले. पुढे पत्रकारिता केली, दिल्लीत जमियत-उल-उलेमाचं वृत्तपत्र चालवलं, मग हैदराबादहून मासिक काढलं. १९३८ मध्ये पंजाबात पठाणकोटला गेले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये लाहोरात जमात-ए-इस्लामीची स्थापना केली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : राज्य करण्याचा हक्क फक्त ईश्वराचा. कायदा करण्याचा अधिकार माणसाला नाही, म्हणून लोकशाहीही मूर्तिपूजेसारखीच आणि राष्ट्रवादही. मुस्लिम लीगला विरोध केला तो याच कारणाने. जीना मुसलमानांचं राष्ट्र मागत होते, यांना इस्लामचं राज्य हवं होतं. फाळणी झाली तेव्हा ते लाहोरला गेले आणि जे नको म्हणत होते त्याच राज्याला आपल्या साच्यात बसवायला लागले. त्यांची परिभाषा उचलून पुढे इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांनी आणखी जहाल विचार मांडला आणि तो जगभर गेला. म्हणून औरंगाबादच्या या मुलाचं नाव तुला कैरोपर्यंत सापडेल.

पण ‘जनक’ म्हणण्याआधी थांब. १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाले पाठवले गेले. त्या लढाईबद्दल १९४८ मध्ये मौदूदी म्हणाले की सरकारने उघड युद्ध पुकारल्याशिवाय चोरून केलेल्या लढाईला जिहाद म्हणता येणार नाही. सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे चोरून जिहाद हेच सरकारी धोरण झालं आणि त्यांचीच जमात त्यात पुढे होती. १९५३ च्या दंगलीनंतर लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली होती, ती नंतर बदलली. आणि १९७० च्या निवडणुकीत, इतक्या वर्षांच्या प्रचारानंतर, जमातीला राष्ट्रीय विधिमंडळात फक्त ४ जागा मिळाल्या. लोकांनी त्यांना नाकारलं होतं. मौदूदींचा विचार राज्यावर आला तो झियांच्या रणगाड्यावर बसून, मतपेटीतून आला नाही. हा फरक परीक्षेतही लिही आणि आयुष्यातही लक्षात ठेव.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुनीर आयोगापुढे त्यांना विचारलं गेलं की तुम्ही पाकिस्तानात इस्लामी राज्य आणलंत आणि उद्या भारतातल्या हिंदूंनी मनूच्या कायद्याचं राज्य आणून तिथल्या मुसलमानांना शूद्र-म्लेंच्छांसारखं वागवलं तर चालेल का? मौदूदींनी सांगितलं, माझी हरकत नाही. ज्या मराठवाड्यात ते जन्मले, तिथल्या लाखो मुसलमानांचं भवितव्य त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. धर्माचं राज्य मागणारा माणूस सीमेपलीकडच्या आपल्याच धर्मबांधवांचं काय करतो, हे त्या उत्तरात दिसतं.

प्रश्न : दारिद्र्यामुळे तरुण दहशतवादाकडे वळतात म्हणतात. मग आपल्या मराठवाड्यात काय कमी दारिद्र्य आहे? इथं का नाही तसं? (माध्यमिक शिक्षक, कळंब)

गुरुजी, दारिद्र्य एकटं कुणाला दहशतवादी करत नाही. दारिद्र्यात राहणाऱ्याला दाद मागायला जागा आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. तीन ठिकाणं सांगते.

पहिलं पंजाबातलं झंग. तिथले मोठे जमीनदार बरेचसे शिया, पिढ्यानपिढ्या तेच निवडून यायचे. बाजारात होते फाळणीत पूर्व पंजाबातून आलेले सुन्नी व्यापारी आणि कारागीर. त्यांच्याजवळ थोडा पैसा आला, पण सत्तेत वाटा नव्हता. जमीन आणि सत्तेचं भांडण होतं ते. १९८५ मध्ये तिथल्या हक नवाझ झंगवी नावाच्या मौलवीने सिपाह-ए-सहाबा काढली आणि त्या भांडणाला ‘शिया काफिर’ हे नाव दिलं. जमीनदाराविरुद्ध बोललं तर पोलीस पकडायचे, काफिराविरुद्ध बोललं तर पुण्य. १९९० मध्ये झंगवी मारले गेले, १९९६ मध्ये त्यांच्या नावाने लष्कर-ए-झंगवी उभी राहिली आणि शियांच्या मशिदी, डॉक्टर, मिरवणुका यांच्यावर हल्ले होत राहिले. ठिणगीही सरकारीच होती. झियांनी १९८० मध्ये बँकेतल्या ठेवींवर अडीच टक्के जकात, म्हणजे इस्लामने सांगितलेलं सक्तीचं दान, कापायला सुरुवात केली. शियांनी आमच्या धर्मशास्त्रात हे बसत नाही म्हणून इस्लामाबादेत प्रचंड मोर्चा काढला आणि सूट मिळवली. कुणाचा पंथ कोणता हे सरकारदरबारी लिहून देण्याची वेळ आली. शेजारी दोन बाहेरचे देशही पैसे घेऊन तयार होते. क्रांतीनंतरचा इराण एका बाजूला, सौदी अरेबिया दुसऱ्या बाजूला.

दुसरं स्वात. १९६९ पर्यंत ते संस्थान होतं. वालीच्या, म्हणजे तिथल्या संस्थानिकाच्या, राज्यात भांडणाचा निकाल झटपट लागायचा. विलीनीकरणानंतर पाकिस्तानी न्यायालयं आली आणि जमिनीचे दावे वर्षानुवर्षं लोंबकळू लागले. नव्वदीच्या दशकात सूफी मुहम्मद नावाच्या मौलवीची चळवळ वाढली. मागणी एकच : शरियतचा न्याय द्या, म्हणजे लवकर द्या. लोक त्याच्यामागे गेले ते कोर्टात चकरा मारून थकले होते म्हणून. पुढे त्याचा जावई फजलुल्ला एफएम रेडिओवरून रात्री भाषणं द्यायचा. बायका दागिने काढून द्यायच्या. मग शाळा जळायला लागल्या, चौकात फटके आणि मुंडकी. जमीनदार खानांना हुसकावून लावलं. ज्यांनी लवकर न्याय मागितला होता त्यांनाच २००९ मध्ये, लष्कर शिरल्यावर, घरदार सोडून तंबूत राहावं लागलं. मलालाला गोळी लागली ती याच स्वातमध्ये, ऑक्टोबर २०१२ मध्ये.

तिसरं वझिरिस्तान आणि भोवतीचा टोळ्यांचा प्रदेश. इंग्रजांनी १९०१ मध्ये तिथं जो फौजदारी कायदा लावला, तो २०१८ पर्यंत चालला. गुन्हा एकाने करायचा आणि शिक्षा सगळ्या टोळीला व्हायची. घरं पाडली जायची, मुलंमाणसं डांबली जायची. वकील नाही, अपील नाही. प्रत्येक प्रौढाला मत मिळालं ते नव्वदीच्या दशकात. तिथं २००१ नंतर अल कायदाचे लोक येऊन राहिले, आणि पाकिस्तानी तालिबान डिसेंबर २००७ मध्ये उभी राहिली तिचं घरही तेच.

आता आपल्याकडचं बघा. हैदराबाद संस्थान विलीन झालं आणि १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. किती ठिकाणी तो कागदावर राहिला, किती कुळं फसवली गेली, हे तुमच्या-माझ्या गावात माहीत आहे. तरी कायदा कुळाच्या बाजूने उभा होता आणि गढीवाल्यालाही पाच वर्षांनी त्याच्याकडं मत मागायला यावं लागत होतं. पाकिस्तानातही १९५९ आणि १९७२ मध्ये जमीन सुधारणा आल्या, अर्ध्यामुर्ध्या. आणि १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने निकाल दिला की जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणं इस्लामविरोधी आहे. सिंधमधला हारी, म्हणजे आपल्याकडचा बटईदार, त्याची उरलीसुरली आशाही धर्माच्या नावाने बंद झाली. मौलवी गरिबांचे कैवारी म्हणवतात, त्यांना हा निकाल कुणीतरी वाचून दाखवला पाहिजे.

आपण फार शहाणे आहोत असं मात्र कुणी समजू नये. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून याच मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. जाळणारे बहुतेक शेजारीच होते. शेतकरी गळफास घेतो तेव्हाही दाद मागायची जागा कुठंतरी बंद झालेली असते.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेनंच केलं ना? (वाचक, लातूर)

अर्धं. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेच्या कार्टर सरकारने झियांना ४० कोटी डॉलर देऊ केले तेव्हा ते ‘शेंगदाणे’ म्हणून झियांनी नाकारले. रेगन आल्यावर अब्जावधींची मदत आली आणि अमेरिकेच्या प्रत्येक डॉलरला सौदीने आपला एक डॉलर जोडला. नेब्रास्का विद्यापीठात अफगाण मुलांसाठी अशी पुस्तकं तयार झाली की अंक शिकवायला बंदुका आणि गोळ्यांची चित्रं. तीस लाखांच्या आसपास निर्वासित पाकिस्तानात आले. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या आणि अमेरिकेने पाठ फिरवली.

पण पैसा कुठल्या गटाला द्यायचा हे आयएसआय ठरवत होती, आणि तिने निवडून सर्वांत जहाल गटांना दिला. लढाई संपल्यावर तीच माणसं काश्मीरकडे वळवण्याचा निर्णयही रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात, झाला. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला १६६ माणसं मेली, त्याचा हिशोब वॉशिंग्टनकडे मागून भागणार नाही.

प्रश्न : मदरसे बंद केले की दहशतवाद संपेल, असं माझा मुलगा म्हणतो. पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. (गृहिणी, उदगीर)

ताई, तुमची शंका बरोबर आहे. काही मदरशांचा वाटा मोठा आहे. पेशावरजवळ अकोरा खट्टकचा दारुल उलूम हक्कानिया घ्या. तालिबानचे कितीतरी म्होरके तिथं शिकले. झियांच्या काळात जकातीचा पैसा मदरशांना मिळू लागला आणि त्यांची संख्या झपाट्यानं वाढली. गरिबाच्या लेकराला तिथं दोन वेळचं जेवण आणि अंथरूण मिळतं, सरकारी शाळेत मास्तरच नसतो.

पण अजमल कसाब मदरशातून आला नव्हता. ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा, प्राथमिक शाळा अर्धवट सोडून मजुरी करणारा पोरगा. २०१५ मध्ये कराचीत बसमध्ये शिरून चाळीसहून जास्त इस्माइली पंथाच्या शियांना मारलं, त्यात दोषी ठरलेला एकजण नामांकित व्यवस्थापन संस्थेचा पदवीधर. आणि मुमताज कादरीचं उदाहरण मुलाला जरूर सांगा. तो पोलीस कमांडो होता, पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांचा सरकारी अंगरक्षक. ४ जानेवारी २०११ ला त्याने तासीरांनाच गोळ्या घातल्या. कारण तासीर आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईची बाजू घेत होते. तिला ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशी सुनावलेली होती. कादरीला कोर्टात आणलं तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. ज्या पंथांना आपण कट्टर समजतो, त्यातला देवबंदीही तो नव्हता आणि वहाबीही. बरेलवी होता, दर्ग्यांना मानणाऱ्या पंथाचा. २०१६ मध्ये त्याला फाशी झाली, आणि इस्लामाबादजवळ आज त्याचीच मजार आहे, तिथं लोक नवस करतात. ‘सूफी तेवढे शांत’ असं आपण सहज म्हणतो, ते इतकं सरळ नाही.

तासीरांना मारणारा तयार झाला कायद्याने आणि शाळेने. १९८६ मध्ये झियांनी ईशनिंदेला फाशीची तरतूद केली. शाळेच्या पुस्तकांत काय होतं ते ए. एच. नय्यर आणि अहमद सलीम या पाकिस्तानी अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडलं : हिंदूंबद्दल द्वेष, जिहादची थोरवी, बिगरमुस्लिम नागरिकांना देशात जागाच नाही अशी मांडणी. ही पुस्तकं सरकारी शाळांतली होती. बहुसंख्य मुलं तिथंच शिकतात.

प्रश्न : माझं औषधाचं दुकान आहे. पाकिस्तानने कुठं काही केलं की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघतं. मुलाला शाळेत ‘पाकिस्तानी’ म्हणाले. गेवराईच्या एका पोराचं नाव तर प्रत्येक वेळी काढतात. मी काय सांगू? (वाचक, परभणी)

भाईसाहेब, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही कुणालाही उत्तर देणं लागत नाही. गेवराईच्या त्या तरुणाला औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यात २०१६ मध्ये जन्मठेप झाली. गुन्हा त्याचा, शिक्षा त्याला. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या टोळीला धरणारा कायदा वझिरिस्तानात होता, हे वर लिहिलंच आहे. परभणीत तो नको.

तुमच्या मुलाला शोएबुल्ला खानांची गोष्ट सांगा. हैदराबादला ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक चालवायचे. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं उघड लिहायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, लिहिणारे हात तोडले. त्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. तुरुंगातून सुटल्यावर १९५७ मध्ये तो पाकिस्तानला गेला, शोएबुल्ला इथल्या मातीत राहिले. माझे वडील रझाकारांच्या भीतीने महिनोन्महिने संस्थानाच्या सीमेपलीकडे राहिलेले. पण पोलीस अ‍ॅक्शननंतर निरपराध मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. तेव्हा चौकशी केलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा आहे आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. आपण मराठवाड्यातल्या हिंदूंनी या आकड्याबद्दल फार कमी बोललो. मी बोलते.

आणि गिऱ्हाइकाला हेही सांगता येईल की पाकिस्तानातल्या दहशतवादाने सर्वांत जास्त मारले ते मुसलमानच. जुलै २०१० मध्ये लाहोरचा दाता दरबार. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरची शाळा, तिथं १३० हून जास्त मुलं वर्गात मारली गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सेहवानला लाल शहबाज कलंदरच्या दर्ग्यात गुरुवारची धमाल, म्हणजे सूफी नृत्य, चालू असताना स्फोट. तुराबुल हक साहेबांच्या उरुसात तुमच्याकडं जी गर्दी असते, तशी गर्दी होती ती. मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, तोंडी तक्रारीवर सोडू नका. गरज वाटली तर मला कळवा, मी येते.

प्रश्न : तिथं याविरुद्ध कुणीच उभं राहत नाही का? (वकील, नांदेड)

वकीलबाई, राहतात, आणि तुमच्याच पेशातले जास्त. झियांच्या हुदूद कायद्यात, म्हणजे शरियतच्या शिक्षांच्या कायद्यात, बलात्कार सिद्ध झाला नाही तर तक्रार करणारी बाईच व्यभिचारात अडकायची. १९८३ मध्ये एका अंध मुलीला अशीच शिक्षा झाली होती, देशभर ओरड झाली तेव्हा वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लाहोरात बायका रस्त्यावर उतरल्या. सरकार साक्षीच्या कायद्यात दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरू पाहत होतं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. कायदा झाला, पण त्याची मजल आर्थिक व्यवहारांच्या कागदपत्रांपुरती राहिली. २००६ मध्ये बलात्काराचे खटले हुदूदमधून काढून साध्या फौजदारी कायद्यात आणले गेले. तेवीस वर्षं लागली.

त्या चळवळीतल्या अस्मा जहांगीर यांनी १९९५ मध्ये सलामत मसीह या ख्रिस्ती पोराचा ईशनिंदेचा खटला लढवला. पोरगा शाळकरी वयाचा, फाशी सुनावलेली. लाहोर उच्च न्यायालयात तो सुटला, देशाबाहेर गेला. सोडणारे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांचा १९९७ मध्ये त्यांच्या कचेरीत खून झाला. मुलतानचे वकील रशीद रहमान यांनी एका तरुण प्राध्यापकाचं, जुनैद हफीझचं, ईशनिंदेचं वकीलपत्र घेतलं. कोर्टातच त्यांना धमकी मिळाली की पुढच्या तारखेला तुम्ही नसाल. मे २०१४ मध्ये त्यांना कार्यालयात गोळ्या घातल्या. त्यानंतरही वकील मिळाला. आसिया बीबीलाही मिळाला, सैफुल मलूक, आणि ३१ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. निकालपत्र मिळवून वाचा. साक्षीपुराव्यातली एकेक विसंगती न्यायमूर्तींनी कशी काढली आहे ते तुमच्या रोजच्या कामालाही उपयोगी पडेल.